दुधनीकरांचा वाटा

बुद्धप्रिया तळभंडारे सप्तधान फूड्समध्ये लागली तेव्हा तिला वाटलं होतं, वर्ष-दोन वर्षं काढू, सीएची शेवटची परीक्षा देऊ, मग बघू. त्याला आता सहा वर्षं झाली. परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. कंपनी मात्र वाढत गेली. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये शेंगदाण्याच्या चटणीची पाकिटं भरणारी ही कंपनी आता डाळी, बेसन, भाजणी असं काय काय विकत होती आणि सप्तधानच्या हाताखाली आणखी एक कंपनी होती, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या दुधनीची बोरीकाठ डाळ मिल.

ही मिल मुळात दुधनीतल्या अकरा घरांनी मिळून काढलेली. कुणी जागा दिली, कुणी पैसे घातले. आठ वर्षांपूर्वी ती बंद पडायच्या बेताला आली, तेव्हा सप्तधानच्या शेठनी तिचे शंभरातले चौसष्ट हिस्से घेतले. उरलेले छत्तीस त्या अकरा घरांकडेच राहिले. मिल सावरली. दुधनीत तूर भरडायची आणि डाळ चिंचोळीला पाठवायची, असं चक्र बसलं.

मार्च संपला की दोन्ही कंपन्यांचे हिशेब एकत्र करून एकच ताळेबंद मांडावा लागतो. ऑफिसात सगळे त्याला कन्सॉलिडेशन म्हणतात. ते काम बुद्धप्रियाचं. तिला ते शिकवलं महेश्वर सरांनी. ते कंपनीच्या हिशेबखात्याचे प्रमुख, सत्तावन्न वर्षांचे, कधी आवाज न चढवणारे. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर ती चार दिवस कामावर आली नव्हती, तेव्हा फोन करून "रजा मांडून ठेवलीय, सोमवारी ये" एवढंच म्हणणारे.

पहिल्या वर्षी त्यांनी तिला सांगितलं होतं, "दोन्ही कंपन्या म्हणजे एकच घर समज. घरातल्या घरात दिलं-घेतलेलं खोडून टाकायचं. आपण बाहेर काय विकलं आणि बाहेरून काय घेतलं, तेवढंच ठेवायचं."

म्हणजे दुधनीनं चिंचोळीला डाळ विकली, की ती दुधनीकडे विक्री म्हणून दिसते आणि चिंचोळीकडे खरेदी म्हणून. दोन्ही आकडे सारखे असले की एकमेकांना खोडतात. यंदा ते सारखे नव्हते. दुधनी म्हणत होती, आम्ही चौदा कोटी एकसष्ट लाखांची डाळ दिली. चिंचोळीच्या पुस्तकात होते चौदा कोटी वीस. एक्केचाळीस लाखांचा फरक.

अठरा लाख तिला तासाभरात सापडले. एकतीस मार्चला दुधनीहून निघालेला ट्रक चिंचोळीच्या गोदामात दुसऱ्या दिवशी उतरला होता. तिकडे मार्चमध्ये लिहिला, इकडे एप्रिलमध्ये. दरवर्षीचंच. राहिले तेवीस लाख. ते एका ठिकाणी नव्हते. दिवाळीनंतर आलेल्या एकावन्न ट्रकांवर थोडे थोडे पसरले होते. दर ट्रकामागे शेकडा दोन-सव्वादोन कापलेले आणि पुढं शेरा, 'ओलावा जास्त'. कपात केली होती खरेदीखात्यानं. तिथं शेठचा पुतण्या अमृत बसायचा.

ती सरांच्या केबिनमध्ये गेली तेव्हा सरांपुढे कागद तयारच होता. दुधनीच्या लेटरहेडवर छापलेला. त्यात लिहिलं होतं की, ओलाव्यापोटी झालेली कपात आम्हाला मान्य आहे आणि आमची विक्री तेवढ्यानं कमी धरावी. खाली सहीची जागा.

"पुण्याच्या ऑडिटरना दोन्हीकडचे आकडे जुळलेले हवेत," सर म्हणाले. "उद्या दुधनीला जा आणि चनबसप्पांची सही घेऊन ये."

"कपातीचं त्यांना कळवलं होतं का सर?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "सही घेऊन ये," ते पुन्हा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रेल्वेनं दुधनीला उतरली. मे महिना, नऊ वाजताच डोक्यावर ऊन तापलेलं. मिलच्या फाटकातच चनबसप्पा उभे होते. बोरीकाठचे हिशेबनीस, बासष्ट वर्षांचे, पांढरा शर्ट, कपाळावर भस्माचे पट्टे. "बर्री म्याडम, कूडरी," असं कानडीत म्हणत त्यांनी खुर्ची पुढं केली, वरचा पंखा तिच्याकडं वळतो का बघितलं आणि ताक मागवलं.

तिनं ट्रकांचा विषय काढला. चनबसप्पा उठले आणि कपाटातून जाडजूड रजिस्टर घेऊन आले. प्रत्येक ट्रकाला एक ओळ. वजन, तारीख, निघताना मशीनवर मोजलेला ओलावा, ड्रायव्हरची सही. साडेनऊ, दहा, नऊ पूर्णांक आठ. करारात अकरापर्यंत चालतं असं होतं.

"ओलाव्याची कपात झालीय, ते तुम्हाला ठाऊक आहे का?" तिनं विचारलं.

"कसली कपात? पैसे तर ठोक येत्यात, ट्रकवार न्हाय."

तिनं कागद पुढं केला. चनबसप्पांनी तो हातात घेतला, वरचं नाव बघितलं, खालची रेघ बघितली. मग खिशातलं पेन काढून सही केली आणि शिक्का मारला.

"वाचलंत का काका?"

"वाचून काय करू म्याडम?" ते हलकेच हसले. "वरनं आलंय म्हंजे करायचंच की. माजी नोकरी दोन वर्सामागंच संपली. दर जूनला चिंचोळीहून एक वर्साची चिट्टी येती, तिच्यावर चाललंय. घरात दोघंच आमी, पण तिच्या डायलेसिसला आटवड्यातनं दोनदा सोलापूरला जावं लागतंय." त्यांनी कागदाची घडी नीट दुमडून तिच्या हातात दिली. "तुमी काय वाईट वाटून घेऊ नका. तुमचं काम हाय ते."

तिला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

एवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. इरकल लुगडं, पायांत प्लॅस्टिकच्या चपला, काखेत पिशवी. चनबसप्पांनी ओळख करून दिली. ही गुरम्मा. मिलखाली जी जागा आहे, तिच्यातला कोपऱ्याचा तुकडा हिच्या नवऱ्यानं दिला होता. त्याबदल्यात मिळालेले चार टक्के आता हिच्या नावावर. चिंचोळीहून कुणी आलंय असं ऐकून आली होती.

"शेअर घेनार हायत म्हनं शेठ आमचे," गुरम्मा समोर बसत म्हणाली. "भाव ठरला का?"

हे बुद्धप्रियाला माहीत होतं, पण आतापर्यंत तिनं ते ओलाव्याशी जोडलं नव्हतं. या वर्षी शेठ अकराही घरांचे हिस्से विकत घेणार होते. मार्चअखेर मिलला जो नफा होईल, त्याच्या पाचपट मिलची किंमत धरायची, असं ठरलं होतं.

"अजून हिशेब पुरा व्हायचाय आजी," ती म्हणाली.

"न्हाय, मला घाई न्हाय. पोरगी अक्कलकोटात परत आलीया, नवरा वारला तिचा. तिला पिठाची गिरन घालून द्यायची म्हंते. मशीन आनि जागा मिळून साडेआट लाख सांगत्यात." गुरम्मानं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद काढला. शेअरचं सर्टिफिकेट. कडेला हळदीचं बोट लागलेलं. "ह्येच लागतंय न्हवं? हरवलं न्हाय बगा मी. देवापाशीच असतंय."

बुद्धप्रियानं ते हातात घेतलं, बघितलं, आणि "हेच लागतं" म्हणून परत दिलं.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तिनं मोबाइलवर आकडेमोड केली. तेवीस लाख नफा घटला की किंमत एक कोटी पंधरा लाखांनी खाली येते. त्यातले छत्तीस टक्के, म्हणजे एक्केचाळीस लाखांहून जास्त, त्या अकरा घरांचे बुडणार. एकट्या गुरम्माचे चार लाख साठ हजार. अर्ध्याहून जास्त गिरणी. आणि ज्या कागदामुळे हे होणार, तो तिच्या पर्समध्ये होता.

संध्याकाळी ती कुंभारीच्या घरकुलात पोचली तेव्हा आई, नागूबाई, अंगणात पाणी मारत होती. नागूबाईनं पस्तीस वर्षं बिड्या वळल्या होत्या. आता डोळे साथ देत नव्हते म्हणून सोडलं होतं. लेक गप्प जेवतेय हे तिनं दोन घासांतच ओळखलं.

"काय झालं गं?"

बुद्धप्रियानं सांगितलं. कन्सॉलिडेशन वगैरे वगळून, साधं. एका मालकानं दुसऱ्याच्या मालात खोट काढली आणि पैसे कापले, असं.

"छाट काडली म्हन की," नागूबाई म्हणाली. "आमाला काय नवं हाय व्हय ते? हजार बिड्या न्ह्यायच्या, मुकादम त्यातल्या शंभर छाट म्हनून बाजूला टाकायचा. पैसे नऊशेचे. आनि छाटलेल्या परत मागितल्या तर त्या बी द्यायचा न्हाय. इकत व्हता की त्या!"

"मग तुम्ही काय करायचा?"

"मी एकदा बसूनच ऱ्हायले तितं. म्हनलं, छाटलेल्या दाव. एकेक करून दाव मला. दुपारपातुर बसले. मग चाळीस परत घेतल्या त्यानं." नागूबाईनं तिच्या ताटात भाकरी वाढली. "सगळ्या न्हाय घेतल्या. चाळीस."

भाकरी मोडता मोडता बुद्धप्रियाचा हात थांबला. छाटलेलं दाखव. चिंचोळीत येणाऱ्या प्रत्येक ट्रकातली मूठभर डाळ प्रयोगशाळेत हवाबंद पाकिटात घालून ठेवतात. कुणा गिऱ्हाईकाची तक्रार आली तर तपासता यावी म्हणून. सहा महिने ठेवतात. दिवाळीनंतरची पाकिटं अजून फेकली नसणार.

सकाळी ती आधी प्रयोगशाळेत गेली. तिथल्या मनालीनं फळीवर हात ठेवून पाकिटं मोजली. एकावन्नपैकी अठ्ठेचाळीस होती.

मग ती सरांकडे गेली. दार लावून घेतलं आणि उभ्यानंच म्हणाली, "सर, सही आणलीय. पण मी ती देणार नाही."

महेश्वर सरांनी वर बघितलं. चिडले नाहीत. "बस," म्हणाले.

"चनबसप्पांनी न वाचता सही केलीय सर. त्यांच्या रजिस्टरात ओलावा दहाच्या आत आहे. त्यांना एकदाही कळवलेलं नाही."

"बुद्धप्रिया, शेवटी आपण हे खोडणारच आहोत ना? चौदा वीस खोडलं काय आणि चौदा एकसष्ट खोडलं काय. दोन्ही मिळून जो नफा होतो, त्यात दमडीचा फरक पडत नाही. दुधनीचा तेवीसनं कमी, आपला तेवीसनं जास्त."

"बेरीज तीच राहते सर. पण बेरजेखाली आणखी एक ओळ असते. या नफ्यातला बाहेरच्या भागधारकांचा वाटा किती, ती. ती ओळ सव्वाआठ लाखांनी खाली येते. आणि शेअरचा भाव त्याच आकड्यावर ठरणार आहे. आपण एकच घर म्हणतो सर, पण त्या घरात छत्तीस टक्के दुसरी माणसं राहतात."

खिडकीबाहेर ट्रक मागं घेत होते, त्याचा आवाज येत होता.

"मला हे दिसलं नसेल असं वाटतं का तुला?" सर म्हणाले. "फेब्रुवारीतच दिसलं होतं. अमृतनं आपल्या मनानं केलं की शेठनी सांगून केलं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं." त्यांनी टेबलावरची पट्टी उचलली, परत ठेवली. "नोकरीची तीन वर्षं राहिलीत माझी. तुला पाठवलं, कारण मला चनबसप्पांच्या समोर बसवलं नसतं. आम्ही दोघं एकाच वर्षी लागलो होतो. ते दुधनीला, मी सोलापुरात एका सूतगिरणीत. दोघांचा ऑडिटर एकच, ऑडिटच्या वेळी भेटायचो."

सरांवर तिचा राग होता, रात्रभर होता. तो आता कुठं ठेवायचा, तेच कळेना.

"पाकिटं आहेत सर," ती म्हणाली. "प्रयोगशाळेत अठ्ठेचाळीस ट्रकांची पाकिटं आहेत. अंदाजानं भांडायला नको. मोजू या. ओलावा निघाला तर कपात बरोबर, मी स्वतः जाऊन चनबसप्पांना दाखवते. नाही निघाला तर नाही."

सरांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला. मग फोन उचलला आणि प्रयोगशाळेला सांगितलं की, चाचणीचा अहवाल माझ्या नावानं काढा. बुद्धप्रियाचं नाव त्यांनी कुठंही घातलं नाही.

दोन दिवस मशीन चालू होतं. अठ्ठेचाळीसपैकी सहा पाकिटांत ओलावा अकराच्या वर निघाला. बाकीच्या बेचाळीसांत नाही. अहवाल घेऊन महेश्वर सर एकटेच शेठच्या केबिनमध्ये गेले आणि तासाभरानं बाहेर आले. कान लाल झालेले. ते जागेवर बसले आणि पाणी प्याले.

पुढचे चार दिवस ऑफिसात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. अमृत येता-जाता बुद्धप्रियाकडे बघायचाही नाही. पाचव्या दिवशी शेठनी दोघांनाही बोलावलं. शेठ पासष्टीचे, स्वतः कधीकाळी सायकलवरून चटणी विकलेले. अहवाल त्यांच्या पुढ्यात होता.

"पुण्याच्या ऑडिटरना हे कळलं असतं का?" त्यांनी विचारलं.

"त्यांनी पाकिटं मागितली असती तर कळलं असतं," सर म्हणाले.

"मागितली असती का?"

"मी असतो तर मागितली असती."

शेठ खुर्चीत मागं रेलले. "दुधनीकरांना मी वाचवलं, महेश्वर. मिलला कुलूप लागत होतं. ते विसरले सगळे?"

"ते विसरले नाहीत शेठ," बुद्धप्रियाच बोलली. आपण बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. "तिथं ऑफिसात तुमचा फोटो लावलाय. म्हणून तर सही न वाचता मिळाली."

शेठनी अहवाल पुढं सरकवला. "सहा ट्रकांचं कापा. बाकीचं सोडा. ज्या तिनांची पाकिटं नाहीत, त्यांचंही सोडा." आणि ती दाराशी पोचल्यावर, "तुझी पगारवाढ यंदा बघू नको," असंही म्हणाले. ते खरं केलं त्यांनी. त्या वर्षी तिला एक रुपया वाढ मिळाली नाही.

सहा ट्रकांचे दोन लाख सत्तर हजार कापले गेले. वीस लाख तीस हजार दुधनीच्या नफ्यात परत आले. बुद्धप्रियानं सही केलेला कागद फाडून टाकला आणि नवीन तयार केला. या वेळी तिनं फोनवर चनबसप्पांना तो ओळ न् ओळ वाचून दाखवला.

"सहा ट्रक व्हय?" चनबसप्पा म्हणाले. "ते सहा खरे हायत म्याडम. जानेवारीत धुकं पडलं तवाचे. मशीनच्या आकड्यात येत न्हवतं, पन हाताला लागत व्हतं. ते कापलं ते बराबर."

जूनमध्ये त्यांची एक वर्षाची चिठ्ठी येते का, याची बुद्धप्रियाला काळजी होती. ती आली. त्यासाठी महेश्वर सर काय बोलले, कुणाशी बोलले, हे तिनं विचारलं नाही. त्यांच्यात आणि तिच्यात त्या दिवसांपासून थोडं अंतर पडलं. ते तिच्याशी जरा जपून बोलायचे, तीही. पण नोव्हेंबरच्या परीक्षेचा अर्ज तिनं भरला, तेव्हा त्यांनी आपणहून पंधरा दिवसांची रजा मांडली.

ऑगस्टच्या शेवटी बोरीकाठची वार्षिक सभा आली. सगळी वर्षं ती कागदावरच व्हायची. सह्या गोळा करायच्या, झाली सभा. यंदा चनबसप्पांनी चिंचोळीला कळवलं की भागधारक येणार आहेत. अकरापैकी नऊ घरांतली माणसं एका टेंपोतून आली आणि बैठकीच्या खोलीत एसीखाली पदर, उपरणी घट्ट लपेटून बसली. शेठ आले, पाच मिनिटं बसले, चहा सांगून गेले. ताळेबंद समजावून सांगायचं काम बुद्धप्रियावर आलं. ती मराठीत सांगत होती आणि चनबसप्पा मागून कानडीत.

तिनं नफ्याचा आकडा सांगितला. त्यातला त्यांचा वाटा किती, ती ओळ बोटानं दाखवली. पाचपटीनं भाव किती होतो, तेही फळ्यावर मांडलं. सहा घरांनी विकायचं ठरवलं. दोघांनी मान हलवून नाही म्हटलं.

गुरम्मानं अजून काहीच सांगितलं नव्हतं. कागद हातात उलटा धरून ती बसली होती.

"आजी, तुमचं काय?"

"सांगते की. आदी मला एक सांग," गुरम्मा म्हणाली. "डाळीचं कळलं. तूर भरडली की चुनी निगती, टरफल निगतंय. म्हशीवाले रांगा लावून घेत्यात आमच्याकडं. ते कुटं लिवलंय ह्यात?"

खोलीत खसखस पिकली. बुद्धप्रिया हसली नाही. तिनं पानं उलटली, चौदाव्या पानावर थांबली आणि 'इतर उत्पन्न' या मथळ्याखालची तिसरी ओळ वाचून दाखवली. एकोणीस लाख चाळीस हजार.

"किलोला काय भावानं इकलं?"

"ते इथं नाही आजी. ते काढावं लागेल."

"मग काड की," गुरम्मा म्हणाली आणि खुर्चीत नीट सरकून बसली. "आमी बसतो."

बाकीच्यांनीही आपापले कागद उचलले. एकानं पान आठ कुठलं ते विचारलं, दुसऱ्यानं विजेचं बिल एवढं कसं ते. चनबसप्पा चष्मा सावरत कानडीत सांगू लागले आणि बुद्धप्रिया चुनीची बिलं आणायला उठली.